अणू बघण्याचा खर्च

२०२०च्या मार्चअखेरीस, टाळेबंदी नुकतीच लागली असताना, बहुतेक वर्तमानपत्रांत एक करडं चित्र झळकलं. केरळात आढळलेल्या देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातला नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आला होता आणि तिथल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली करोनाचा एक कण दिसला होता. गोलसर, सुमारे ७५ नॅनोमीटरचा, कडेला देठांसारखे उंचवटे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. विषाणूची वंशावळ तोवर जनुकक्रमातून कळलेलीच होती, तरी ‘हा बघा तो’ असं म्हणायची सोय त्या चित्रानं केली.

ज्या यंत्रातून हे दिसलं ते कोण बनवतं, कोण विकत घेतं, त्याचे पैसे कुठून येतात, असे प्रश्न तेव्हा कुणालाच पडले नाहीत. मलाही नाही. यंदा संपादकांनी ‘बाजार’ हा विषय दिला आणि मंडई, शेअर आणि लग्न सोडून काहीही चालेल म्हणाले, तेव्हा ते चित्र आठवलं.

नॅनो मायक्रोस्कोपांच्या बाजाराचे अहवाल विकणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत. त्यांची पत्रकं चाळली की एक गंमत कळते: एकूण उलाढालीचा आकडा दर अहवालात वेगळा, चढण मात्र सगळ्यांची सारखी. पुढच्या पाच-सात वर्षांत बाजार वाढणारच, यावर एकमत. का वाढणार, याचं उत्तर एका वाक्यात असतं: सरकारी निधी आणि सेमीकंडक्टर. उत्तर चुकीचं नाही. पण या बाजारात यंत्र वापरणारा एक, निवडणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसराच असतो. त्यामुळे काय होतं, ते अहवालात सापडत नाही. त्यासाठी यंत्राच्या खोलीत जावं लागतं.

तळमजल्यावरची खोली

अशी खोली जवळजवळ नेहमी तळमजल्यावर असते. यंत्राखालचा चौथरा इमारतीच्या पायापासून सुटा बांधतात, कारण वरच्या मजल्यावर कुणी टेबल सरकवलं तरी चित्र थरथरतं. शेजारी लिफ्ट नको, जवळून विजेची जाड केबल नको, रस्त्यावर अवजड वाहनं नकोत. एसीचा झोत थेट यंत्रावर आला तरी चालत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मी गेलो, तिथे एसीच्या तोंडाला जाड कापड बांधून झोत मोडला होता. (विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. त्यांचा पुढच्या अनुदानाचा अर्ज दिल्लीत आहे.)

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशानं, नेहमीच्या भिंगांतून, साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं काही नीट दिसू शकत नाही. ही मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३मध्येच दाखवून दिली होती आणि भिंग कितीही उत्तम घासलं तरी ती हटत नाही. म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरायचे, काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय भिंगं. इलेक्ट्रॉनला हवा आडवी येते, म्हणून यंत्राच्या आत निर्वात पोकळी. ती अखंड टिकवायची तर पंप दिवसरात्र चालू, पंप आणि भिंगं तापू नयेत म्हणून थंड पाणी फिरवणारा चिलर दिवसरात्र चालू, आणि वीज गेली तर हे सगळं सांभाळणारा यूपीएस. म्हणजे कुणी नमुना बघत असो वा नसो, मीटर पळतच असतो.

ऑपरेटर तिशीतला होता. कंत्राटी. त्यानं तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी चिमट्यानं उचलली. लॅबमध्ये तिला सगळे ग्रिड म्हणतात. तिच्यावर एका विद्यार्थिनीनं बनवलेल्या चांदीच्या नॅनोकणांचा थेंब वाळवलेला होता. जाळी दांड्यात बसवून दांडा आत सरकवला, मग पोकळी पुन्हा तयार होईपर्यंत थांबलो. विद्यार्थिनीची अपेक्षा वीस नॅनोमीटरच्या सुट्या, गोल कणांची होती. पडद्यावर आधी आल्या गुठळ्या. तिचा चेहरा उतरला. ऑपरेटर शांतपणे जाळी इकडेतिकडे सरकवत राहिला आणि बऱ्याच वेळानं एका कोपऱ्यात त्याला सुटे कण सापडले. तिथलं चित्र त्यानं घेतलं. शोधनिबंधात तेच जाईल. छापून आलेलं प्रत्येक नॅनोचित्र असं निवडून काढलेलं असतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यात लबाडी आहे असं कुणी मानत नाही. गुठळ्यांचंही एक चित्र मात्र त्यानं फाइलमध्ये ठेवून दिलं. मला तो त्यामुळे आवडला.

शेजारच्या खोलीत टेबलावर मावेल असा एएफएम, म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, होता. यात इलेक्ट्रॉन नाहीत, पोकळीही लागत नाही. ग्रामोफोनच्या सुईसारखी एक अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरते, तिच्या वर-खाली होण्यावरून लेझर उंचसखलपणा टिपतो आणि संगणक त्याचा नकाशा काढतो. हे यंत्र तुलनेनं स्वस्त. लाखांत सुरू होऊन काही कोटींपर्यंत जातं. चांगला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप काही कोटींचा, आरपार बघणारा ट्रान्समिशन मायक्रोस्कोप त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि अणूंच्या रांगा स्पष्ट दाखवणारा त्याच्याही पुढे. प्रथिनांची रचना उलगडणारी गोठवलेल्या नमुन्यांची यंत्रं, म्हणजे क्रायो, कित्येक दशकोटींत जातात. विद्यापीठांत हे आकडे सहज बोलले जातात, जसे गावात जमिनीचे भाव.

कागदगिरणीचा पैसा

या यंत्रांचे शोध निखळ जिज्ञासेतून लागले असं पाठ्यपुस्तकं सांगतात. शोध लागले असतीलही. यंत्रं मात्र कुणाच्या तरी गरजेवर उभी राहिली.

एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१मध्ये बर्लिनमध्ये माक्स क्नोल यांच्यासोबत पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप केला आणि १९३९मध्ये सीमेन्सनं तो विक्रीला काढला. विकायचा कुणाला? रुस्कांचा धाकटा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता. विषाणू दिसतील म्हणून तो या यंत्राच्या मागे लागला होता. सीमेन्सनं १९४०मध्ये त्याच्या देखरेखीखाली एक पाहुणी प्रयोगशाळा उघडली: शास्त्रज्ञांनी यावं, आपले नमुने आणावेत, बघून जावं. आज ज्याला सामायिक सुविधा म्हणतात तिची सुरुवात अशी एका विक्रेत्यानं केली. प्रयोगशाळा पुढे हवाई हल्ल्यात बेचिराख झाली. रुस्का यांना नोबेल मिळालं १९८६मध्ये, तेव्हा ते ऐंशीला टेकले होते.

स्कॅनिंग मायक्रोस्कोपची कथा मला जास्त आवडते. केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं त्यावर खपत होते, पण उद्योगांना त्यात रस नव्हता. पहिला खरा ग्राहक मिळाला तो कॅनडातली लगदा आणि कागद संशोधन संस्था. कागदाचे तंतू कसे गुंततात हे त्यांना बघायचं होतं. १९५८मध्ये केंब्रिजहून यंत्र तिकडे गेलं. त्यानंतरही जगाला अशी मूठभर यंत्रं पुरतील असा तेव्हाचा अंदाज होता, असं सांगतात. १९६५मध्ये ‘स्टिरिओस्कॅन’ बाजारात आला, सुरुवातीचा एक रासायनिक धंद्यातल्या ड्यूपाँट कंपनीकडे गेला आणि तो अंदाज कायमचा मोडला.

पुढचा मोठा पैसा आला तो चित्रांमुळे. झ्युरिकच्या आयबीएममध्ये बिनिग आणि रोहरर यांनी १९८१मध्ये एकेक अणू टिपणारा टनेलिंग मायक्रोस्कोप केला. रुस्कांच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६मध्ये एएफएम आणला. मग आयबीएमच्याच डॉन आयग्लर यांनी १९८९मध्ये झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि कंपनीचं नाव लिहिलं. शास्त्र म्हणून ते मोठं होतंच, जाहिरात म्हणून त्याहून मोठं. राजकारण्यांना नॅनो समजावून सांगायला त्या तीन अक्षरांएवढं सोपं दुसरं काही नव्हतं. जानेवारी २०००मध्ये बिल क्लिंटन यांनी कॅलटेकमध्ये उभं राहून राष्ट्रीय नॅनो उपक्रम जाहीर केला.

भारतात २००१मध्ये छोटी योजना निघाली, २००७मध्ये एक हजार कोटींचं नॅनो मिशन आलं आणि सी. एन. आर. राव त्याच्या शीर्षस्थानी होते. त्या काळात आपल्याकडे कुठल्याही विज्ञान विभागाच्या प्रस्तावात ‘नॅनो’ हा शब्द यायचाच. मोटारही नॅनोच आली, २००८मध्ये. विनोद बाजूला ठेवू. त्या पैशानं पुण्या-मुंबईबाहेर कित्येक विभागांत पहिल्यांदा असं यंत्र बसलं. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णींसारख्यांनी नॅनोपदार्थांचं काम आधीच उभं केलं होतं. आता त्याच वाटेनं तालुक्याच्या महाविद्यालयांतली मुलंही येऊ लागली. नॅनोवरच्या शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगात तिसऱ्या क्रमांकावर गेला तो याच लाटेत. प्रत्येक निबंधात एक तरी चित्र लागतं. म्हणजे निबंध वाढले की यंत्राची मागणी वाढते, यंत्र आलं की निबंध वाढतात, आणि पुढच्या यंत्रासाठी त्याच निबंधांची यादी अर्जाला जोडली जाते.

मूठभर विक्रेते

विकणारे थोडे. अमेरिकी थर्मो फिशर, जपानी जेओल आणि हिताची, जर्मन झाइस आणि चेक टेस्कान. थर्मो फिशरनं २०१६मध्ये एफईआय ही कंपनी ४.२ अब्ज डॉलरला घेतली. तिच्यात फिलिप्सचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा विभाग १९९७मध्येच विलीन झाला होता. एएफएमच्या धंद्यातही छोट्या कंपन्या मोठ्यांच्या पोटात गेल्या. कोरियाची पार्क सिस्टिम्स ठळक अपवाद, आणि तिचे संस्थापक क्वेट यांच्याच प्रयोगशाळेतले विद्यार्थी.

चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो तर या धंद्याचं इचलकरंजीच म्हणायला हवं. आर्मिन डेलाँग यांनी तिथे केलेल्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपला १९५८च्या ब्रसेल्स प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. समाजवादी राजवट गेली, कारखान्यातली माणसं शिल्लक राहिली आणि त्यांच्यातून नव्या कंपन्या निघाल्या. जगातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपांपैकी साधारण एक तृतीयांश आज या एका शहरात बनतात असं म्हणतात. आपल्याकडे नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४०च्या दशकात कलकत्त्यात मेघनाद साहांच्या संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप स्वतः बांधला होता. त्यातून ब्रनो झालं नाही.

टेंडर

म्हणून खरेदी परदेशातून, आणि खरेदी म्हणजे टेंडर. प्राध्यापक मंडळी या शब्दाशी येऊन थांबतात आणि मग बराच वेळ बोलायची थांबत नाहीत.

आधी तपशिलांची यादी करायची: व्होल्टेज किती, किती नॅनोमीटरपर्यंत वेगळं दिसलं पाहिजे, कॅमेरा कुठला. तांत्रिक लिफाफा आणि किमतीचा लिफाफा वेगळा. तांत्रिक कसोटीत उतरलेल्यांत ज्याची किंमत सगळ्यात कमी तो एल-वन, ऑर्डर त्याला. त्यामुळे खरी लढाई तपशिलांच्या यादीवरच होते. अमुक अंश, तमुक दशांश असं लिहिलं की एकच कंपनी उरते, आणि दुसरी हरकत घेते. कंपन्यांचे प्रतिनिधी यादी लिहायला ‘मदत’ करायला तयार असतात. ही मदत कुणी घेत नाही, असं सगळ्यांनी मला सांगितलं.

मंजुरी रुपयांत आणि बिल डॉलर, युरो किंवा येनमध्ये, ही दुसरी कटकट. २०११च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, ऑगस्ट २०१३अखेर तो ६८ला पोचला. त्या दोन वर्षांत ज्यांची फाइल फिरत होती त्यांनी कॅमेरा गाळला, डिटेक्टर गाळला, नुसता सांगाडा घेतला. ‘नंतर बघू’ म्हणून राहिलेल्या त्या रिकाम्या खाचा काही यंत्रांवर अजून बघायला मिळतात.

नियमांची तऱ्हा तिसरी. मे २०२०मध्ये केंद्रानं २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा बंद केल्या. उद्देश देशी उद्योगाला हात देण्याचा, पण जे यंत्र देशात बनतच नाही त्याचं काय? सवलतीच्या वाटा निघाल्या, प्रत्येक वाटेवर एक परवानगी बसली. जुलै २०२२मध्ये संशोधनसंस्थांना असलेली ५ टक्के जीएसटीची सवलत गेली आणि अशा यंत्रांवर १८ टक्के लागू झाले. दहा कोटींच्या यंत्रामागे एक कोटी तीस लाख जादा, ते ज्या सरकारनं अनुदान दिलं त्याच्याच खात्यात परत. जून २०२५मध्ये केंद्रानं हात सैल सोडला: विज्ञानसंस्थांचे संचालक आणि कुलगुरू यांनाच २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदा मंजूर करण्याचे अधिकार दिले. पाच वर्षं गेली ती गेली.

आणि सगळ्यावर मार्च. पैसे ३१ मार्चपूर्वी खर्ची पडले पाहिजेत, म्हणून यंत्र येतं आणि खोली तयार नसते. अशी पेटी व्हरांड्यात पावसाळा काढताना पाहिलेले लोक मला भेटले.

यंत्र सुरू झालं की हमीची वर्षं बरी जातात. ती संपली की दरवर्षी किमतीच्या पाच ते दहा टक्के देखभाल करारापोटी मोजावे लागतात. इलेक्ट्रॉन सोडणारं टोक उत्तम प्रतीच्या यंत्रात काही वर्षांनी बदलावं लागतं आणि त्याचे अनेक लाख होतात. नवं यंत्र घ्यायला योजना असतात: फिस्ट, पर्स, मिशन, सीएसआर. जुन्या यंत्राचा करार भरायला सहसा योजना नसते. उद्घाटन नव्या यंत्राचं होतं, टोक बदलल्याचं नाही. परिणामी दहा-बारा कोटींचं यंत्र काही लाखांसाठी बंद पडून राहतं, आणि त्याच विद्यापीठाचा नव्या यंत्राचा अर्ज दिल्लीत असतो. अहवालांतली चढती रेघ मला नंतर वेगळीच दिसू लागली. तिच्यात किती यंत्रं भर म्हणून आली आणि किती बंद पडलेल्यांच्या जागी?

नमुने घेऊन फिरणारी मुलं

ज्यांच्याकडे यंत्र नाही किंवा आहे पण बंद आहे, त्यांच्यासाठी केंद्रानं १९७०च्या दशकातच प्रादेशिक उपकरण केंद्रं काढली. आज त्यांना सैफ म्हणतात. पवईच्या आयआयटीतलं सैफ महाराष्ट्रातल्या पीएच.डी.च्या कित्येक विद्यार्थ्यांचं तीर्थस्थान आहे. नागपुरात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही तशी सोय आहे. आधी ऑनलाइन बुकिंग, मग वाट बघणं, मग थर्माकोलच्या डब्यात काचेच्या कुप्या घेऊन रात्रीची एसटी. एका नमुन्याचा दर विद्यार्थ्याला परवडेल असा, कंपनीला त्याच्या कित्येक पट. हिशेब असा की कंपन्यांनी विद्यार्थ्यांचा खर्च उचलावा. पण कंपनीचा नमुना आधी लागतो अशी मुलांची कुरबुर असते.

जानेवारी २०२०मध्ये आय-स्टेम पोर्टल सुरू झालं. देशभरातली सरकारी पैशाची उपकरणं त्यावर नोंदवायची आणि कुणीही स्लॉट मागायचा. कल्पना चांगली. नोंद झालेलं प्रत्येक यंत्र चालू असतं असं नाही, आणि फोन लावून खात्री करायची रीत मुलांनी आपली आपण लावून घेतली आहे.

जीवशास्त्रात तर सामायिक वापराशिवाय गत्यंतरच नाही. क्रायो तंत्राला २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि यंत्राची मागणी एकदम भडकली. पण एवढं महाग यंत्र प्रत्येक विद्यापीठाला देणं अमेरिकेलाही परवडेना. २०१८मध्ये तिथल्या आरोग्य संस्थेनं न्यूयॉर्क, पोर्टलंड आणि स्टॅनफर्ड इथे सामायिक केंद्रं काढली. आपलं राष्ट्रीय क्रायो केंद्र बंगळुरात, जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून.

औषधं आणि चिपा

या बाजाराला आता विद्यापीठांवर फारसं अवलंबून राहायचं नाही. २०१९मध्ये जैवतंत्रज्ञान विभागानं नॅनो औषधांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात कणाचा आकार आणि आकारातली एकसमानता दाखवणं आलं, म्हणजे औषध कंपनीला चित्र काढणं भाग झालं. पुण्याच्या जिनोव्हानं देशातली पहिली एमआरएनए लस केली, तिला जून २०२२मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. त्या लशीचं वाहनही नॅनोकणच.

पण खरी उलथापालथ चिपांमुळे. डिसेंबर २०२१मध्ये ७६ हजार कोटींची सेमीकंडक्टर योजना आली. गुजरातेत सानंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला तैवानच्या पॉवरचिपसोबत टाटांचा ९१ हजार कोटींचा कारखाना. चिपवर कोरलेल्या रेघा ठरल्या रुंदीच्या आहेत की नाहीत हे बघायला तिथे उत्पादनाच्या ओळीतच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बसवतात. या यंत्रांत हिताचीचा वरचष्मा आहे. बिघडलेली चिप आयनांच्या झोतानं कापून, शंभर नॅनोमीटरहून पातळ काप काढून आत बघतात. कारखान्यात यंत्र तासभर बंद राहिलं तर नुकसानीचा आकडा लगेच हातात येतो, म्हणून देखभाल करार आधी होतो आणि कंपनीचा माणूस आवारातच बसतो. विद्यापीठात यंत्र वर्षभर बंद राहिलं तर नुकसान होतं ते कुणाच्या तरी पीएच.डी.चं, आणि त्याला कुठल्याच ताळेबंदात जागा नसते. विक्रेत्यानं कुणाचा फोन आधी उचलावा? मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

पवईत मात्र एक वेगळी गोष्ट घडते आहे. एप्रिल २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुमारे सहा हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदनाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तिथे कस्तुरी साहा यांच्या गटानं हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषांचा वापर करून चुंबकीय क्षेत्राची चित्रं काढणारा मायक्रोस्कोप केला. चिप न कापता तिच्यातून वाहणारा विद्युतप्रवाह त्यातून बघता येतो. टीसीएस त्यात भागीदार झाली. परदेशी यंत्र मागवून चालवण्याच्या इतक्या वर्षांनंतर इथे यंत्रच बनतं आहे, आणि त्याला गिऱ्हाईक चिपवाल्यांत मिळण्याची शक्यता आहे. सुरुवात आहे, ब्रनोलाही दशकं लागली.

चिपवाल्यांना यंत्रांइतकीच यंत्र चालवणारी माणसं हवी आहेत, आणि ती तयार होतात विद्यापीठांच्या तळमजल्यांवर. गुठळ्यांचं चित्र जपून ठेवणाऱ्या त्या ऑपरेटरला मी पगार विचारला. त्यानं सांगितलेला आकडा इथे लिहिला तर विद्यापीठाची लाज जाईल. त्याचं कंत्राट अकरा महिन्यांचं असतं, मग एक महिना खंड, मग पुन्हा अकरा. सानंदला त्यानं अर्ज केला आहे, मुलाखतीचं बोलावणंही आलं आहे. विभागप्रमुखांना हे माहीत आहे. मी गेलो त्या दिवशी ते अधिक ताकदीच्या नव्या मायक्रोस्कोपच्या प्रस्तावात गढलेले होते. अर्जाचा छापील नमुना त्यांनी मला दाखवला: उपकरण, सुटे भाग, खोलीचं काम, प्रवास, किरकोळ. ऑपरेटरच्या पगाराचा रकाना त्यात नाही. ‘किरकोळ’मध्ये बसवता येईल का, हे ते लेखाधिकाऱ्यांना विचारणार आहेत.